दुपारी झोपलेला मॉनिटर उठेना

गेल्या वर्षी श्रावणात, दिवाळी अंकांचं काम ऐन भरात आलेलं असताना, माझा मोठा मॉनिटर दुपारी झोपला की उठेनासा झाला. सकाळी बटण दाबलं की लगेच लागायचा, तासन्‌तास नीट चालायचा. पण मी जेवायला उठले आणि परत येऊन माउस हलवला, की शेजारचा जुना १९ इंची मॉनिटर उजळायचा आणि हा २७ इंची काळाच. त्याच्या खालचा दिवा पिवळ्याचा पांढरा व्हायचा, मधोमध ‘नो सिग्नल’ अशी पट्टी यायची, चार-पाच सेकंद राहायची आणि जायची. दिवा पुन्हा पिवळा. टेबलाखाली वाकून त्याची पॉवरची वायर काढायची, दहा आकडे मोजायचे, परत खोचायची. मग मात्र काही झालंच नव्हतं असा सुरू व्हायचा.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहत्या घरीच डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते. श्रावणापासून नवरात्रापर्यंत हातात तीन-चार अंक असतात आणि सोळा-सोळा पानांचे फॉर्म (एकत्र छापायचे पानांचे गट) लावून वागळे इस्टेटमधल्या छापखान्याकडे जात असतात. कॉम्प्युटर म्हणजे एक साधा छोटा टॉवर. त्याला मागे पडद्यासाठी दोनच पोर्ट, एक एचडीएमआय आणि एक डिस्प्लेपोर्ट. एचडीएमआयवर जुना लहान मॉनिटर, त्यावर मेल आणि मजकुराच्या फायली. डिस्प्लेपोर्टवर मोठा, आणि तो मी उभा फिरवून ठेवलेला आहे. अंकाचं अख्खं पान त्यावर खऱ्या आकारापेक्षा मोठं दिसतं. ओळींमधली जागा, परिच्छेदाची एकटी राहिलेली ओळ, वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटली का, हे सगळं मी त्या पडद्यावर बघते. माझे डोळे आता पंचेचाळिशीचे आहेत, त्यांना तो लागतोच.

मॉनिटर उठला नाही की इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरची खिडकी आपोआप लहान पडद्यावर जाऊन बसायची. एका दुपारी टेबलाखाली वाकायचा कंटाळा आला म्हणून मी दोन कवितांची पानं तिथेच तपासली. पान पूर्ण मावावं म्हणून ४० टक्क्यांवर. मजकूर जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये उतरवलेला होता, आणि या उतरवण्यात एक खोड नेहमीची असते: ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो. चंद्रकोरीसारखा अर्धा र जातो आणि डोक्यावर रफार बसतो. सह्याद्रीवरच्या कवितेतल्या ‘दऱ्या’ अशा ‘दर्या’ झाल्या होत्या, दोन्ही ठिकाणी. डोंगराच्या कवितेत समुद्र. मोठ्या पडद्यावर हे माझ्या नजरेतून सुटत नाही. त्या दिवशी सुटलं.

कवयित्री सत्तरीच्या पुढच्या आहेत. प्रूफ बघून त्यांचा फोन आला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “बाई, माझ्या दऱ्या कुठे गेल्या हो?”

त्या रात्री ठरवलं की वायर काढणं-घालणं पुरे झालं, याचा तळ गाठायचा.

पहिल्या संध्याकाळी मी जे केलं ते सगळ्यात वाईट केलं, म्हणून ते आधी सांगते. कॉम्प्युटरच्या दुकानातल्या मुलाने फोनवर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर, अपडेट करायला सांगितलं, ते केलं. पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्स्प्रेसचं ‘लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट’ बंद करा असं कुठेतरी वाचलं होतं, तेही केलं. ‘फास्ट स्टार्टअप’ची खूण काढली. तिन्ही एकाच बैठकीत. पुढचे दोन दिवस मॉनिटर एकदाही अडला नाही. मी सुटले म्हणून निःश्वास टाकला, मुलाला फोन करून आभारही मानले. तिसऱ्या दुपारी पुन्हा काळा.

आता तीन गोष्टी बदललेल्या, त्यातल्या कशाने दोन दिवस बरं वाटलं आणि कशाने बिघडलं, काहीच सांगता येईना. खरं कारण पुढे वहीमुळे कळलं. त्या दोन दिवसांत एका अंकाचा शेवटचा फॉर्म जायचा होता, मी ताट टेबलावरच घेऊन जेवले होते, आणि मॉनिटरला दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त झोप मिळालीच नव्हती. ड्रायव्हरचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

दुकानातला मुलगा मग घरी येऊन बघून गेला. त्याचं मत पडलं की मॉनिटरच्या आतल्या पॉवर बोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे छोटे भाग, वाळत चालले आहेत. वायर काढून घातली की चालतो, हे त्याचंच लक्षण. मॉनिटर आठ दिवस दुकानात ठेवावा लागेल. कारण पटण्यासारखं होतं. कपॅसिटर खरंच वाळतात, त्यांची डोकी फुगतात, आणि जुन्या मॉनिटरांचा निम्मा आजार तोच असतो. पण आठ दिवस मोठ्या पडद्याविना राहणं त्या महिन्यात शक्यच नव्हतं. म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांकडे गेले.

काका वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात ३० वर्षं सर्किट बोर्ड तपासायचं काम करत होते. आता निवृत्त आहेत. त्यांनी मॉनिटर उघडला नाही, त्याला हातही लावला नाही. खुर्चीवर बसून प्रश्न विचारले.

“सकाळी पहिल्यांदा लावतेस तेव्हा किती वेळ घेतो?”

“लगेच लागतो, काका. रात्री मी भिंतीवरचं बटणच बंद करते. सकाळी चालू केलं की दोन सेकंदांत.”

“पावसाळी गारठ्यातसुद्धा?”

“हो.”

“मग कपॅसिटरच्या मागे लागू नकोस. वाळलेला कपॅसिटर गार असताना जास्त त्रास देतो, गरम झाला की कसाबसा चालतो. तुझा मॉनिटर उलटा वागतोय. रात्रभर गार पडून सकाळी पटकन उठतो आणि दुपारी तासभर झोपला की उठत नाही. हा आजार विजेचा नाही, याला झोपेतच काहीतरी होतंय.” मग म्हणाले, “वही घाल. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि लिहून ठेव. प्रूफं कशी तपासतेस? तशीच.”

कपॅसिटरचा हा विचार मला तेव्हा फार मोठा वाटला आणि आजही वाटतो. स्क्रू न काढता अर्धी शक्यता त्यांनी निकालात काढली होती.

दोनशे पानी वही घेतली. पाच रकाने आखले: पडदा काळा कधी झाला, माउस कधी हलवला, लहान उठला का, मोठा उठला का, खिडक्या कुठे सापडल्या. नऊ दिवस. मधल्या काळात गणपती आले, घरात माणसं, बाहेर ढोल, पण नोंद चुकवली नाही. ४१ नोंदी झाल्या. यूपीएसवर शंका होती म्हणून त्यातले दोन दिवस मॉनिटर थेट भिंतीच्या सॉकेटला लावला, फरक शून्य.

वही वाचायला बसले तेव्हा चित्र स्पष्ट होतं. पडदा काळा होऊन १५ मिनिटांच्या आत माउस हलवला तर मोठा मॉनिटर प्रत्येक वेळी उठला होता. २० मिनिटांच्या पुढे गेला तर एकदाही नाही. लहान मॉनिटर कायम उठला होता. आणि मोठा न उठलेल्या प्रत्येक नोंदीत खिडक्या लहान पडद्यावर गेल्या होत्या. हा शेवटचा रकाना मी नुसता भरत होते, त्याच्याकडे बघत नव्हते.

बघितलं ते आकड्यांकडे. विंडोजच्या सेटिंगमध्ये दोन वेळा वेगवेगळ्या लावता येतात. पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा ही एक, कॉम्प्युटर स्वतः किती मिनिटांनी झोपावा ही दुसरी. माझ्याकडे पडदा १० मिनिटांनी आणि कॉम्प्युटर ३० मिनिटांनी. फरक २० मिनिटांचा! म्हणजे पडदा काळा झाल्यावर विसाव्या मिनिटाला कॉम्प्युटर झोपतो, आणि त्या झोपेतून उठताना मोठ्या मॉनिटरला विसरतो. हिशोब इतका चोख जुळला की मी वही मिटून चहा टाकला. एक नोंद मात्र आडवी होती. १७ मिनिटं, आणि उठला नव्हता. घड्याळ बघताना माझीच चूक झाली असेल म्हणून मी ती सोडून दिली.

आता कॉम्प्युटरच्या झोपेमागे लागले. कमांडच्या काळ्या खिडकीत ‘पॉवरसीएफजी’ लिहून एक जागा सोडून तिरकी रेघ आणि ए दिलं की या मशीनला कुठल्या प्रकारची झोप येते ते कळतं. माझ्या टॉवरला जुनी एस-३ झोप होती, म्हणजे मेमरी तेवढी जागी ठेवून बाकी सगळं बंद. नव्या लॅपटॉपांत बहुतेक एस-० नावाची वरवरची झोप असते, तिची दुखणी वेगळी. मग इव्हेंट व्ह्यूअर उघडलं. त्यात ‘पॉवर-ट्रबलशूटर’च्या नावाने प्रत्येक जागं होण्याची नोंद असते: झोपला कधी, उठला कधी, उठवलं कोणी. तिथल्या वेळा बघून मी आधी चक्रावले, कारण माझ्या वहीतली दुपारी दीडची झोप तिथे सकाळी आठला होती. त्या वेळा ग्रिनिचच्या असतात हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. साडेपाच तास मिळवले की जुळल्या. आणि जुळल्यावर दिसलं की कॉम्प्युटर दरवेळी माउस हलवल्याक्षणी व्यवस्थित उठलेला होता. त्याच्याकडून तक्रार कसलीच नव्हती.

तरी खात्री हवी होती. कॉम्प्युटरची झोप ‘कधीच नाही’ अशी लावली आणि पडद्याचे १० मिनिटं तसेच ठेवले. फक्त एवढाच एक बदल. जेवले, भांडी आवरली, दीड तासाने आले. टॉवरचा पंखा चालू, दिवा चालू, मशीन टक्क जागं. लहान पडदा लगेच उजळला. मोठा काळा.

म्हणजे कॉम्प्युटर झोपो न झोपो, याला फरक पडत नव्हता. वीस मिनिटांचा जुळलेला हिशोब निव्वळ योगायोग होता, आणि मी सोडून दिलेली ती १७ मिनिटांची नोंद खरी होती. त्या वेळी कॉम्प्युटर झोपलेलाच नव्हता. मी वहीत त्या नोंदीभोवती लाल गोल केला.

गौरीजेवणाच्या दिवशी माझा भाचा आला. तो ऐरोलीला एका कंपनीत आहे, हार्डवेअरचं त्याला कळतं. पानावरून उठल्यावर त्याने वही चाळली आणि थेट शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं.

“मावशी, खिडक्या उड्या मारतात हे तू केव्हापासून बघतेयस?”

“पहिल्या दिवसापासून.”

“अगं मग कॉम्प्युटर तुला पहिल्या दिवसापासून सांगतोय. मॉनिटर नुसता झोपला असता तर खिडक्या जागच्या हलल्या नसत्या. त्या हलल्या म्हणजे विंडोजला वाटतंय की कोणीतरी मॉनिटरची केबलच उपटली.”

मग त्याने विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायला सांगितली. त्याने ग्राफिक्सचा ड्रायव्हर जागच्या जागी नव्याने सुरू होतो. बीप झाली, लहान पडदा एकदा मिटून उघडला, आणि मोठ्याची पापणीसुद्धा लवली नाही. कॉम्प्युटरच्या लेखी तो तिथे नव्हताच.

पुढची चाचणीही त्याच दुपारी केली. लहान मॉनिटर सोडवला आणि त्याची एचडीएमआय केबल मोठ्याला लावली. संध्याकाळी आरतीपर्यंत तीन तास पडदा काळा राहू दिला. माउस हलवला. दोन सेकंदांत पान समोर. पुढचे दोन दिवस एचडीएमआयवरच काढले, एकदाही अडला नाही. म्हणजे पॅनेल ठीक, पॉवर बोर्ड ठीक, मॉनिटर ठीक. दोष फक्त डिस्प्लेपोर्टच्या वाटेवर. कायम एचडीएमआयवरच का नाही राहिले, असं कोणी विचारेल. टॉवरला एचडीएमआयचं पोर्ट एकच आहे, आणि दोन पडद्यांशिवाय माझं काम होत नाही.

एकच मॉनिटर, एकच कॉम्प्युटर, मग एका वाटेने उठतो आणि दुसऱ्या वाटेने नाही, असं का? भाच्याने ताटाखालच्या कागदावर आकृती काढून सांगितलं, ते मी नंतर शोधून नीट समजून घेतलं. दोन्ही प्रकारच्या केबलींत चित्राच्या तारांखेरीज एक तार हजेरीची असते. तिला हॉट प्लग डिटेक्ट म्हणतात. मॉनिटर या तारेवर व्होल्टेज ठेवतो, आणि कॉम्प्युटर त्यावरून ओळखतो की समोर कोणीतरी आहे. एचडीएमआयमध्ये ही १९ नंबरची पिन. तिथे कॉम्प्युटर स्वतः १८ नंबरच्या पिनवरून मॉनिटरला ५ व्होल्ट पाठवतो, आणि बऱ्याच मॉनिटरांत हजेरी त्या ५ व्होल्टवरच लागते. मॉनिटर गाढ झोपला तरी हजेरी चालू राहते.

डिस्प्लेपोर्टमध्ये तसं नाही. तिथे हजेरीची तार १८ नंबरची, आणि ती मॉनिटरला स्वतःच्या ताकदीवर वर धरून ठेवावी लागते. ती २ मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ खाली आली की कॉम्प्युटर समजतो, मॉनिटर गेला. एकदा गेला म्हटल्यावर खिडक्या दुसरीकडे हलवतो आणि त्या वाटेवर काही पाठवणं थांबवतो. परत जोडायचं तर पहिल्यापासून ओळखदेख व्हावी लागते. मॉनिटरने हजेरी द्यायची, कॉम्प्युटरने त्याचं नाव-गाव, म्हणजे तो कुठल्या मापाचं चित्र दाखवू शकतो ती माहिती, वाचायची. मग चार जोड्यांच्या तारांवर किती वेगाने पाठवलं तर समोर नीट पोहोचतं याची तालीम करायची. हे सगळं दोघं जागे असतील तरच. मॉनिटर इतका गाढ झोपला की हजेरीची तारच सोडून दिली, आणि कॉम्प्युटर त्या तारेची वाट बघत बसला, तर दोघंही एकमेकांची वाट बघतात. पॉवरची वायर काढून घातली की मॉनिटर आधी हजेरी देतो, म्हणून तेव्हा चालायचं.

हे कळल्यावर शंका आली केबलवर. ती मी दोन वर्षांपूर्वी स्वस्तात घेतली होती. काकांना सांगितलं तर त्यांचा चेहरा उजळला. तार टोकापर्यंत जोडलेली असली की बीप वाजवणारा मल्टिमीटर घेऊन खाली आले. डिस्प्लेपोर्टच्या तोंडात २० पिना दोन ओळींत असतात आणि त्या इतक्या बारीक असतात की मीटरची साधी टोकं आत जातच नाहीत. काकांनी माझ्या शिवणाच्या डब्यातल्या दोन बारीक सुया घेतल्या आणि पितळी चिमट्यांनी मीटरच्या टोकांना अडकवल्या. खिडकीजवळ, उजेडात, भिंग डोळ्याला लावून एका टोकाच्या विसाव्या पिनला सुई टेकवली. दुसऱ्या टोकाची सुई माझ्या हातात. माझा हात थोडा थरथरत होता. सुई खाचेत घसरली, पुन्हा टेकवली, आणि मीटर लांबच लांब बीप वाजला.

“वाजायला नको होता,” काका म्हणाले.

विसावी पिन ३.३ व्होल्टच्या पुरवठ्याची असते. दोन यंत्रांमधल्या केबलमध्ये ती तार जोडलेली नसावी असा नियम आहे, कारण ती जोडलेली असली की मॉनिटरची वीज उलट कॉम्प्युटरमध्ये शिरते. स्वस्त केबलींत ती सर्रास जोडलेली सापडते. मला एकदम आठवलं की गेले कित्येक महिने सकाळी टॉवरचं बटण मला दोनदा दाबावं लागत होतं. पहिल्यांदा पंखा फिरायचा आणि चित्र यायचं नाही. मी ते कॉम्प्युटरचं वय समजत होते.

मानांकनाची खूण असलेली नवी केबल मागवली. डिस्प्लेपोर्टची मानकं ठरवणाऱ्या व्हेसा या संस्थेने तपासलेल्या केबलवर ती असते. बाकी काही बदललं नाही. दुसऱ्या दिवसापासून टॉवर एका बटणात सुरू व्हायला लागला, आणि तो त्रास आजपर्यंत परत आलेला नाही. पण दुपारी जेवून आले तर मोठा मॉनिटर काळा. त्या क्षणी मला रडू आलं. केबलमध्ये एवढा ढळढळीत दोष सापडला होता, तोच कारण असेल असं मी धरून चालले होते. दोन दुखणी एकाच घरात होती आणि मी एकच शोधत होते.

मग राहिला मॉनिटर स्वतः. त्याच्या पाठीमागे एक छोटा दांडा आहे, तो हलवला की मेनू येतो. मॉनिटर उभा फिरवलेला असल्यामुळे मेनू आडवा पडतो आणि मान वाकडी करून वाचावा लागतो. म्हणूनच असेल, तीन वर्षांत मी त्यातला उजेड सोडून काही बघितलंच नव्हतं. त्या संध्याकाळी एकेक ओळ वाचत गेले. सगळ्यात शेवटच्या ‘इतर’ गटात, भाषा आणि दिव्याच्या प्रकाशाच्या खाली, एक ओळ सापडली: ‘डीपी डीप स्लीप’, म्हणजे डिस्प्लेपोर्टवरची गाढ झोप. चालू. आणि इनपुटच्या पानावर ‘ऑटो’. तोही चालू.

ही गाढ झोप कंपन्या उगाच देत नाहीत. झोपलेल्या उपकरणाने वीज खाऊ नये म्हणून नियम आहेत. युरोपात २०१३ पासून घरातल्या आणि ऑफिसातल्या बहुतेक उपकरणांना स्टँडबायमध्ये अर्ध्या वॅटची मर्यादा आहे. तेवढ्यात बसायचं तर मॉनिटरला आतलं जवळजवळ सगळंच मिटवावं लागतं. माझा मॉनिटर आधी हलका झोपायचा आणि पंधरा-वीस मिनिटांनी या गाढ झोपेत उतरायचा. वहीतला तो उंबरठा हाच होता.

डीप स्लीप बंद केली. ऑटो इनपुटला अजून हात लावला नाही, कारण एका वेळी एकच. दुसऱ्या दिवशी पडदा १ वाजून १० मिनिटांनी काळा झाला. मी मुद्दाम बाहेर पडले, मासुंदा तलावाला एक फेरी मारली, भाजी घेतली, आणि ४ वाजून २५ मिनिटांनी माउस हलवला. आधी ‘एचडीएमआय’ अशी पट्टी आली आणि छातीत धस्स झालं. मग सात-आठ सेकंदांनी पान आलं. खिडकी जागच्या जागी. पान ६२, मी सोडून गेले होते तिथेच.

ते सात-आठ सेकंद ऑटो इनपुटचे होते. मॉनिटर उठल्यावर आधी एचडीएमआयची दोन पोर्टं चाचपत होता, मग डिस्प्लेपोर्टकडे वळत होता. इनपुट डिस्प्लेपोर्टवर पक्कं केलं, तर दोन सेकंदांत उठायला लागला.

काकांना सांगायला गेले तर म्हणाले, “आता परत चालू कर.” मला धाडस होईना. पण त्यांचं बरोबर होतं, नुसतं बरं वाटणं मी आधीही दोन दिवस अनुभवलं होतं. रात्री डीप स्लीप पुन्हा चालू केली, अर्धा तास थांबले. काळा. पुन्हा बंद केली, अर्धा तास. उठला. मग ते मला पटलं. पहिल्या संध्याकाळी बदललेल्या गोष्टींपैकी फास्ट स्टार्टअप आणि ती लिंक स्टेटची खूण मी एकेक करून होती तशी केली. कशानेही फरक पडला नाही.

विजेचा हिशोबही केला, कारण काटकसरीसाठी दिलेली सोय आपण बंद करतोय हे मनाला लागत होतं. गाढ झोप नसल्याने दोन वॅट जास्त जातात असं धरलं आणि मॉनिटर चोवीस तास लावून ठेवला, तरी महिन्याला दीड युनिटच्या आत. आणि रात्री मी भिंतीवरचं बटण बंद करतेच.

जुनी केबल काकांनी मागून घेतली आणि कटरने मधोमध कापली, कोणाच्या हाती पुन्हा लागू नये म्हणून.

नवरात्राच्या आधी एका मुखपृष्ठासाठी मला पडद्याचे रंग मूळ स्थितीत आणायचे होते, म्हणून मेनूतलं फॅक्टरी रीसेट दाबलं. त्या दुपारी मॉनिटर पुन्हा काळा. या वेळी वायरला हात लावायची गरज पडली नाही. मागचा दांडा दाबून त्याला उठवला आणि मान वाकडी करून मेनूच्या शेवटच्या गटात गेले. डीप स्लीप पुन्हा चालू झालेली होती. ती बंद केली, इनपुट डिस्प्लेपोर्टवर पक्कं केलं, आणि त्या दोन ओळी एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरच्या पाठीवर चिकटवल्या. मग मोठ्या पडद्यावर सह्याद्रीच्या कवितेचं पान उघडून, २०० टक्क्यांवर नेऊन, दोन्ही दऱ्या शेवटच्या एकदा तपासल्या आणि फॉर्म छापखान्याकडे पाठवला.